टांगोजी कोणाचा?

२० जून १९८३
भंडाऱ्याचं शिबिर संपलं. परत आलो. आयुष्य बदललं.

शिबिरात शिकवायला आलेल्या नागपूरच्या निर्मलाबाईंचं एकच सांगणं होतं. प्राथमिक शाळेतला कोणताही विषय बालसाहित्यातून शिकवता येतो. गणित, भूगोल, विज्ञान, सगळं. मुलाला गोष्ट द्या, विषय ते आपोआप उचलतं. जेवणानंतरचं त्यांचं भाषण मी डोळे मिटून, एकाग्र होऊन ऐकलं. शेजारच्या गुरुजींनी कोपर मारलं. काही लोकांना एकाग्रता आणि झोप यांतला फरक कळत नाही.

कारध्याच्या पुलावर बस आली तेव्हा निर्णय पक्का झाला. यंदापासून पाढे घोकणं बंद. छडी बंद. (तशी ती मार्चमध्येच मोडली.) सगळं गोष्टीतून. आदर्श शिक्षक पुरस्कार फार लांब नाही. भाषणात कोणाचे आभार मानायचे, हे तुमसर रोडच्या फाट्यापर्यंत ठरलंसुद्धा.

२७ जून
शाळा उघडली. चौथी 'अ' माझी, चौथी 'ब' परसराम हटवारची. मध्ये भिंत नाही, बांबूचा तट्टा आहे. त्यामुळे त्याचे पाढे मला ऐकू येतात आणि माझं शिकवणं त्याला. परसराम साधा माणूस. बे एके बे, बे दुणे चार. त्यापलीकडे जग आहे, हे त्याच्या गावी नाही.

हेडमास्तर भैयाजींना नवी मेथड समजावली. ते हजेरीपटावर रेघा आखत होते. म्हणाले, "करा जी. पण पोट्टे झाडाखाली नेऊ नोका, मागच्या साली साप निंगाला होता." याला मी मंजुरी समजतो.

परसरामलाही सांगितलं. तो म्हणाला, "गोष्ट म्हणजे लबाडीच न जी. लेकरायले लबाड कायले सांगता?" मी नुसता हसलो.

सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तुमच्या गोष्टी त मी लग्नापासून आयकून राहिली," म्हणाली. कौतुक करायची तिची अशी पद्धत आहे.

४ जुलै
पहिला प्रयोग. विषय अपूर्णांक. एका राजाला तीन मुलगे आणि एक मुलगी. राजाने राज्य तिन्ही मुलांत सारखं वाटलं, तर प्रत्येकाला किती?

उत्तर एक तृतीयांश. पण तिथपर्यंत पोचलोच नाही. "आन् पोरीले काहून नाही?" असं कोणीतरी विचारलं. कोणीतरी म्हणजे सत्यवती. माझीच मुलगी, माझ्याच वर्गात. मग तुलारामची तुळसा उठली. ती पुढच्या तरटपट्टीवर बसते आणि फार बोलते. म्हणाली, राजा मेल्यावर राणीले कोण पोसणार? पुढे घंटा होईपर्यंत वर्गाने राणीची सोय लावली.

निष्कर्ष: राजे-महाराजे लोकशाहीत चालत नाहीत. छापील पुस्तकं आपल्या भागाला जुळत नाहीत. स्वतः लिहावं लागेल. प्रतिभा आहेच, फक्त वेळ मिळाला नव्हता.

घरी सत्याला समजावलं की वर्गात बापाला असे प्रश्न विचारू नयेत. ती म्हणाली, वर्गात तुम्ही बाबा नाही, गुरुजी हा, तुम्हीच त सांगितलं. मुलगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

११ जुलै
आज टांगोजीचा जन्म झाला. ही तारीख पुढे लोक लक्षात ठेवतील.

सकाळी तलावाकडे गेलो होतो. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सारसाची जोडी चरत होती. काय त्या टांगा! तिथेच सुचलं. टांगोजी सारस. उंच, थोडा विसराळू, प्रत्येक गोष्ट मोजायची सवय. बांधी किती लांब, हे तो पावलांनी मोजतो. बेडूक वाटून खातो. रस्ता चुकतो आणि सूर्य बघून दिशा ओळखतो. एका पक्ष्यात गणित, भूगोल, विज्ञान!

वर्गात सांगितलं. इतकी शांतता मी नोकरीत ऐकली नव्हती. मोजणीचा पाठ झाला. टांगोजीच्या पावलांनी मुलांनी व्हरांडा मोजला. थोड्या वेळाने लक्षात आलं की तट्ट्यापलीकडेही शांतता आहे. 'ब'चे पाढे थांबलेले. बिचारा परसराम.

२५ जुलै
धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, सुरू झाले. दरवर्षी या दिवसांत वर्ग रिकामा असतो. यंदा भरलेला! तुळसाचे वडील तुलाराम शाळेत आले, चिखलाच्या पायांनीच. म्हणाले, "मास्तर, पोरगी पऱ्हे काढाले येऊन नाही राहिली. म्हणते, टांगोजी दलदलीत फसला हाये, मी शाळेतच जातो. हा टांगोजी कोन हाये? कोनाच्या घरचा हाये?"

मी त्यांना बालसाहित्याचं महत्त्व सांगितलं. ते ऐकून गेले. म्हणजे मध्येच गेले. एका पक्ष्याने ग्रामीण शिक्षणाचा प्रश्न सोडवला. निर्मलाबाईंना कळवायला पाहिजे.

१० ऑगस्ट
भूगोल. टांगोजी वैनगंगेच्या काठाकाठाने प्रवासाला निघाला. ओघात मी त्याला नागपूरला पोचवलं. मागून एकाने सांगितलं, वैनगंगा नागपूरले जात नाही जी. मी लगेच म्हणालो, बरोबर, म्हणून तर तो मध्येच उतरून पायी गेला. प्रसंगावधान. नकाशा बघायला हवा होता, पण तो भैयाजींच्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली शेतावर गेली होती.

गणित. टांगोजीने अंडी घातली. तुळसा म्हणे टांगोजी त नर हाये. मी म्हटलं, गणितात नर-मादी पाहत नाहीत. सत्या माझ्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावरही.

परसराम आज मधल्या सुट्टीत जवळ आला. मला वाटलं तक्रार करणार. तर विचारतो, "दलदलीतून तो निंगाला कसा जी? त्या दिवशी माह्या वर्गातले पोट्टे ओरडले न, मले शेवट आयकूच आला नाही." मी सांगितलं. पहिला शिष्य! आणि तोही असा कोरडा माणूस. मेथडचा विजय.

२२ सप्टेंबर
तिमाहीचे पेपर तपासले. थोडं समजून घ्यावं लागेल.

आठ सक किती? उत्तर: 'टांगोजीले इचाराले लागते.' महाराष्ट्राची राजधानी? 'टांगोजी अजून तिथं पोचला नाही.' पानांचा उपयोग काय? 'टांगोजी लपते.' पावसाळ्यात कोणती काळजी घ्याल? 'टांगोजीची.'

शुद्धलेखन मात्र सुधारलं आहे. मुलं प्रामाणिक झाली आहेत. जे माहीत नाही ते माहीत नाही, असं सरळ लिहितात. दोष प्रश्नपत्रिकेचा. ती जुन्या मेथडची आहे.

भैयाजींना हा मुद्दा पटवून दिला. त्यांनी पेपर उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, "गिऱ्हेपुंजे, सहामाहीत असं झालं त मी तुमाले टांगोजीसंगं धाडून देईन."

'ब'चा निकाल चांगला आला. घोकंपट्टी. टिकत नाही.

५ ऑक्टोबर
थकलो. टांगोजी रोज काहीतरी नवं मागतो. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचे पत्ते बंद झाले, कारण उद्या टांगोजीचं काय करायचं, याचाच विचार. मुलं रस्त्यात अडवून विचारतात. परसरामही विचारतो. मी गुरुजी आहे की टांगोजीचा नोकर?

निर्मलाबाई म्हणाल्या होत्या, भावना जागी झाली की पाठ कायमचा ठसतो. विज्ञानात 'दूषित पाणी' राहिलं आहे. काहीतरी मोठं करायला पाहिजे. शनिवारी करतो.

८ ऑक्टोबर, शनिवार
आजचा पाठ माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम.

टांगोजी फवारणी झालेल्या बांधीतलं पाणी प्याला. आधी मान लवली. मग ती लांब टांग थरथरली. मी तर इतका रंगलो की खडू हातातच मोडला. त्याने आकाशाकडे शेवटचं बघितलं. एक पंख उघडला. मिटला. गेला.

तट्ट्यापलीकडून परसरामचं "अरे बापा!" ऐकू आलं.

मग मी वर्गाला विचारलं, तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?

तुळसा उभी राहिली. "कोनाच्या बांधीत मेला जी?"

मी सहज म्हणालो, तलावाखालच्या.

सगळा वर्ग पाट्या टाकून पळाला. सत्यासुद्धा. दूषित पाणी प्रत्यक्ष बघायला गेले. याला शिक्षणशास्त्रात क्षेत्रभेट म्हणतात.

तेच, संध्याकाळी
तलावाखालची बांधी हेडमास्तर भैयाजींची आहे. हे मला माहीत होतं, पण गोष्टीच्या भरात कोणाच्या लक्षात राहतं? मुलांनी टांगोजीला शोधत बांधीचा कोपरान् कोपरा तुडवला. धान लोंबीवर आलेलं. भैयाजी घरी येऊन गेले. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "माहा धान होता तो. गोष्टीतला नाही." सौ.ने दिलेला चहासुद्धा घेतला नाही.

सत्या जेवली नाही. सौ.ने मला ताट वाढलं, वरणाला फोडणी नव्हती. विचारलं, तर म्हणाली, "गरीब जिवाले मारून तुमचं पोट भरलं असंन, म्हणून वाटलं."

मी म्हटलं, अगं, तो काल्पनिक आहे. ती म्हणाली, "तुमाले काल्पनिक. लेकराले काय?"

घरातली माणसं साहित्य समजू शकत नाहीत. ही जुनीच शोकांतिका आहे.

१० ऑक्टोबर
वर्गात मोजकी मुलं. बोलत नाहीत. हजेरीला 'हजर' म्हणतात तेवढंच. बाकीची व्हरांड्यात. तुळसाची आजी शाळेत विचारायला आली, कोन मेलं म्हणून. मुलीने दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. सांगितलं, कोणी नाही, एक पक्षी होता. "कोनं मारला?" म्हणाली. व्हरांड्यातल्या सगळ्या मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी, एकदम. सरावासारखं.

मी या मुलांसाठी पत्ते सोडले होते.

२० ऑक्टोबर
आज तेरावा दिवस. टांगोजीची तेरवी झाली.

मला परसरामकडून कळलं. मुलांनी घरोघरून मूठमूठ तांदूळ, गूळ, मुरमुरे जमवले. तलावाच्या पाळीवर पंगत बसली. 'अ' होता, 'ब'ही होता. परसरामला बोलावणं होतं. तो पंगतीत बसून आला! सौ. गुळाची ढेप घेऊन गेली होती. माझ्याच घरातली ढेप.

मला बोलावणं नव्हतं. टांगोजीला जन्म कोणी दिला? त्याच्या टांगा कोणी लांब केल्या? दलदलीतून कोणी काढला? आणि पंगतीला परसराम!

मी त्यांना शिकवत होतो. त्यांनी माझ्याशी हे केलं. एवढंच लिहितो.

(खिचडी उरली होती. सौ.ने आणली. चांगली होती.)

२१ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. मुलांचा राग विरघळला असणार. ठरवल्याप्रमाणे मोठ्या मनाने जाहीर केलं: टांगोजी मेला नव्हता, बेशुद्ध होता. मी स्वतःच टाळी वाजवली.

तुळसा म्हणाली, "आमी तेरवी केली जी. आता कसा वापस येईन?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. कायदेशीर मुद्दा आहे. मग टांगोजीचा भाऊ आणला. बांगोजी. त्याच्यासाठी मी दिवाळीत मेहनत घेतली होती. मुलांनी ऐकून घेतलं. मागून एक जण म्हणाला, "हा त टांगोजीसारखाच बोलते. नक्कल करून राहिला." सत्याने पाटीत डोकं घातलं.

बांगोजी फार काळ चालणार नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार
विश्वासघात.

दुसरा तास. मी फळ्यावर भागाकार लिहीत होतो. पाठीमागे पूर्ण शांतता. मनात म्हटलं, बांगोजी रुजला. वळून बघतो तर सगळा वर्ग तट्ट्याला कान लावून. पलीकडे परसरामचा आवाज:

"मंग टांगोजीनं पायलं, एका बांधीत आठ बेडकं. आन् बांध्या किती? सात. मंग सांगा, आठ सत्ते..."

"छप्पन!" पलीकडून. आणि अलीकडून! माझ्या वर्गातून! मी जे तीन महिन्यांत काढून घेऊ शकलो नाही, ते उत्तर माझ्याच वर्गाने तट्ट्यातून परसरामला दिलं.

मधल्या सुट्टीत त्याला गाठलं. म्हटलं, परसराम, टांगोजी मेला आहे. तू तेरवी जेवून आलास.

तो ओशाळला नाही. म्हणाला, "तुमी मारला त तुमचा मेला जी. माह्या वर्गात मी त्याले कोठी मारलो? माह्यावाला जिता हाये."

मी म्हटलं, पण तू तर गोष्टीला लबाडी म्हणत होतास.

"म्हणत होतो. पण तुमचा टांगोजी मेला न, माहे पोट्टेबी पाढे म्हणेना. रडाले लागले. मले सुचलंच नाही काही. म्हटलं, रडू नोका, तो पलीकडच्या खोलीत मेला, आपल्या खोलीत नाही. मंग ते म्हणाले, मंग पुढं सांगा. आता सांगाले लागते न?"

माणूस साधं तोंड करून चोरी करतो, ती अशी.

५ डिसेंबर
तट्ट्याला भोक पडलं आहे. मुठीएवढं. कोणी पाडलं, कोणी सांगत नाही. भैयाजींकडे तक्रार केली. ते म्हणाले, हवा येत असंन त राहू द्या. तुडवलेल्या धानाचं अजून मनात आहे.

१२ डिसेंबर
तुळसा आणि आणखी काही मुलं 'ब'मध्ये जाऊन बसली. पालकांनीच भैयाजींना सांगितलं. तुलाराम मला म्हणाला, "वाईट नोका मानू, मास्तर. पोरगी जेवाले लागली." मी वाईट मानलं नाही. फक्त तो शेतीसोबत जे दुकान चालवतो, तिथून यापुढे बिडी घेणार नाही. (सोडणारच होतो.)

१९ डिसेंबर
सत्या म्हणाली, बाबा, मीबी तिकडं बसू का?

मी विचार केला. आतली बातमी देणारं आपलं माणूस तिथे असलेलं बरं. हो म्हणालो. उदारपणाने.

संध्याकाळी विचारलं, काय सांगितलं आज परसरामने? ती म्हणाली, "सांगाले मनाई हाये."

कोणाची मनाई? परसरामची? नाही. मुलांची. वर्गात ठरलं म्हणे, गिऱ्हेपुंजे गुरुजींना काही सांगायचं नाही, नाहीतर ते मारतील. मुलांना नाही. टांगोजीला.

३ जानेवारी १९८४
स्वयंपाकघरात सत्या आणि सौ. कुजबुजत होत्या. "...मंग त्यानं अंड्यावर पंख धरला, आन् पानी त वाढूनच राहिलं..." मी आत गेलो. सौ. भाकर थापू लागली. सत्या चुलीत काडी सारू लागली.

मी विचारलं, कोणाचं अंडं? पाणी कसं वाढलं?

सौ. म्हणाली, "काही नाही. शेजारच्या कोंबडीचं."

माझ्या घरात, माझ्या चुलीशी, माझाच टांगोजी. आणि मला कोंबडी सांगतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी रागाने न जेवता उठलो. कोणी परत बोलावलं नाही. अंगणात उभा राहिलो तर आतून पुन्हा कुजबुज सुरू. पाण्याचं पुढे काय झालं, ते नीट ऐकू आलं नाही.

९ जानेवारी
बास. विस्तार अधिकारी साहेबांना सविस्तर अर्ज केला. माझी मेथड, माझा पक्षी, परसरामची चोरी, तट्ट्याचं भोक. साहेबांनी स्वतः यावं आणि न्याय करावा. पुरस्काराचा उल्लेख केला नाही. सुज्ञांना कळतं.

२४ जानेवारी
साहेब आले.

आधी माझा वर्ग. उरलेली मुलं नीट बसवली होती. साहेबांनी एकाला विचारलं, तुझे गुरुजी गोष्टीतून शिकवतात का? तो म्हणाला, आधी शिकवत होते. आता नाही. का? "पात्रं संपले जी."

मग साहेब 'ब'मध्ये गेले. पाच मिनिटं बघतो म्हणाले होते. मी इकडे बसून वाट बघत राहिलो. मधली सुट्टी झाली, साहेब आतच. साहेबांची परतीची करडीची बस येऊन गेली, साहेब आतच. भोकातून बघितलं. साहेब तरटपट्टीवर मुलांमध्ये मांडी घालून बसले होते. चष्मा हातात. पूर ओसरत होता आणि किती हात ओसरला, याची वजाबाकी साहेब बोटांवर करत होते.

शेवटी मी आत गेलो आणि अर्जाची आठवण दिली. साहेबांनी वर्गाला विचारलं, बाळांनो, हा टांगोजी कोणी तयार केला?

मी सत्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. माझी मुलगी. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं.

तुळसा उठली. "कोनी तयार नाही केला जी. तो तलावावर राहते. या गुरुजीनं त्याले मारला होता. या दुसऱ्या गुरुजीनं वाचवला."

परसराम मध्ये म्हणाला, "नाही साहेब, टांगोजी त गिऱ्हेपुंजे गुरुजीचाच हाये. मी त फक्त पुढं नेऊन राहिलो." त्याने हे का म्हटलं, मला कळलं नाही. त्या क्षणी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

साहेबांचा शेरा. चौथी 'ब': मुले आनंदाने शिकतात, इतर शिक्षकांनी अवश्य पाहावे. चौथी 'अ': वर्गात हवा खेळती आहे.

जाताना साहेब परसरामला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते. मला वाटलं माझ्या अर्जाबद्दल. जवळ गेलो. साहेब विचारत होते, अंडं फुटणार ना?

१५ फेब्रुवारी
थंडी कमी झाली. माझी खुर्ची तट्ट्याजवळ सरकवली. तिथे उजेड चांगला आहे.

२ मार्च
अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. टांगोजीने त्याला पहिल्यांदा पाण्यापर्यंत नेलं. परसरामला वर्णन करता येत नाही. भाषा ओबडधोबड. मी असतो तर पहाट घातली असती, धुकं घातलं असतं. तो नुसतं म्हणाला, "पिलाची टांग बुडली. त्यानं बापाकडे पायलं. बापानं एक पाऊल मांघं घेतलं, जवळच उभा रायला. हात देल्ला नाही. मंग पिलू आपलंच चाललं."

खडूची धूळ डोळ्यात गेली. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, गुरुजी, आम्हीबी आयकून राहिलो. मी म्हटलं, ऐका.

संध्याकाळी सत्याला सांगावंसं वाटलं की पिल्लू चांगलं झालं. सांगितलं नाही. मला माहीत आहे, हे तिला कशाला कळावं.

१ मे
निकाल. 'ब' सगळा पास. 'अ'मधून 'ब'मध्ये बसायला गेलेलेही पास. जे माझ्याकडे राहिले, तेही बहुतेक पास. तट्टा पातळ आहे.

तालुक्याच्या सत्कारासाठी भैयाजींनी परसरामचं नाव पाठवलं. मी अभिनंदन केलं. हात मिळवताना हात थोडा जोरात दाबला. त्याला कळलं नाही, उलट त्यानेही तसाच दाबला.

९ मे
बदलीची ऑर्डर. दिघोरी. भैयाजी म्हणाले, त्यांनी फक्त शिफारस केली. याचा अर्थ स्पष्ट आहे. लाखांदूरकडच्या भागात नवी मेथड अजून पोचलेली नाही आणि तिथे अनुभवी माणूस हवा आहे. एका प्रकारे ही बढतीच.

सौ. आणि सत्या जून लागल्यावर येतील. सत्याने विचारलं, तिकडच्या शाळेत तट्टा आहे का? माहीत नाही, म्हणालो.

१४ मे १९८४
दिघोरी. खोली मिळाली. पंखा नाही. सकाळचं लिहितो.

ट्रंक आणि वळकटी घेऊन फाट्यावर आलो. बघतो तर मुलं! तुळसा पुढे, मागे दोन्ही वर्ग, सुट्टी असून. सत्या तर होतीच. परसरामने माझी ट्रंक डोक्यावर घेतली होती. मी नको म्हणत होतो, तरी. शेवटी मुलं गुरूला विसरत नाहीत. मी चार शब्द बोलायला सुरुवात केली: विद्यार्थीमित्रहो, आज या निरोपाच्या प्रसंगी...

तुळसा मध्येच म्हणाली, "गुरुजी, तिकडं टांगोजीले मारू नोका जी."

बाकीची मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. यासाठीच आली होती. एवढं ऊन तुडवत.

मी म्हटलं, नाही मारणार.

"तिकडच्या पोट्ट्यायले सांगा, तो जिता हाये."

सांगतो, म्हटलं.

मग मुलांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बस यायला वेळ होता. सगळे कडुलिंबाखाली बसले. कोणीतरी परसरामला म्हणालं, गुरुजी, पिलू उडालं का? परसरामने माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला आणि सुरू झाला. पिल्लू पंख पसरून धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, उभं होतं. वारा समोरून. टांगोजी म्हणाला, आधी मोज, मग उड. मीही ट्रंकेवर बसलो. सत्या सरकून माझ्याजवळ आली, माझ्या गुडघ्याला टेकली. पिल्लाने पाऊल उचललं. एक. दोन.

तेवढ्यात बस आली. कंडक्टर घाई करू लागला. परसरामने ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरून पुन्हा मुलांत जाऊन बसला, कारण मुलं ओरडत होती, पुढं सांगा, पुढं सांगा. मी खिडकी जोर लावून उघडली. डोकं बाहेर काढलं. परसरामने दोन्ही हात पसरले होते आणि सगळी मुलं वर बघत होती.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. काहीच ऐकू आलं नाही.